गुरुवारची वीस मिनिटे

१९९८ च्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीतील सूचनाफलकावर मी वर्तमानपत्राचे एक कात्रण टाचणीने लावले होते. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने त्या वर्षीच्या मे महिन्यात माहिती तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले होते. जसवंत सिंह त्याचे अध्यक्ष होते, तर डॉ. एम. जी. के. मेनन आणि चंद्राबाबू नायडू सहअध्यक्ष होते. जुलैमध्ये या कृतिदलाने १०८ शिफारशींचा आराखडा दिला. त्यातील एका शिफारशीखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली होती. २००३ सालापर्यंत देशातील प्रत्येक शाळेत, तंत्रनिकेतनात, महाविद्यालयात, विद्यापीठात आणि सार्वजनिक रुग्णालयात संगणक व इंटरनेट पोहोचवायचे, असे तिच्यात म्हटले होते. 'प्रत्येक शाळेत' हे दोन शब्द मी त्या दिवशी किती वेळा वाचले असतील, ते सांगता येणार नाही.

मी भूगोलाचा शिक्षक. शाळा लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या एका गावात. त्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून दुसरीकडे वसवली गेली, त्यांतलेच हे एक. रस्ते रुंद, घरे एकसारखी आणि शाळेची इमारत देणगीतून उभी राहिलेली. इमारत भक्कम होती, पण आत शिकवण्याचे साहित्य मोजकेच होते. एक पृथ्वीचा गोल, घडीवर विरलेले चार नकाशे आणि ग्रंथालय म्हणून एक लोखंडी कपाट. विद्यार्थ्याने पुस्तकाबाहेरचे काही विचारले, तर त्याचे उत्तर शोधायला लातूरला जावे लागे आणि लातूरच्या ग्रंथालयातही ते मिळेलच याची खात्री नसे. पुण्या-मुंबईच्या मुलाला जे सहज हाताशी येते, ते माझ्या वर्गातील मुलाला त्याच दिवशी मिळू शकेल, ही कल्पनाच माझ्यासाठी फार मोठी होती. यंत्राचे मला विशेष आकर्षण नव्हते.

इंटरनेट मी प्रत्यक्ष पाहिले ते १९९९ च्या जुलैमध्ये, लातूरच्या एका सायबर कॅफेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी ही सेवा मोठ्या शहरांतून सुरू झाली, त्यालाही तोवर चार वर्षे होत आली होती. ११ ऑगस्टच्या सूर्यग्रहणाची माहिती मला हवी होती. खग्रास ग्रहणाचा पट्टा गुजरातवरून कसा जातो, हे दाखवणारा नासाचा नकाशा पडद्यावर वरून खाली, ओळीओळीने उमटत गेला. मी त्याची छापील प्रत घेतली आणि एसटीत ती पुस्तकात दडपून गावी आणली. नकाशा दोन आठवडे आधीच वर्गात लागल्यामुळे, ग्रहणाच्या दिवशी आकाश भरून आले असतानाही मुले घड्याळाकडे पाहून आता सावली कुठे असेल हे सांगत होती. त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापकांकडे शाळेसाठी इंटरनेटचा विषय काढला.

मुख्याध्यापक सावध होते, आणि त्यांच्या सावधपणाला आधार होता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या योजनेतून देशातील काही शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मिळाले होते. ते पुढे कपाटात कसे राहिले, हे त्यांनी आधीच्या नोकरीत पाहिले होते. ते म्हणाले, "यंत्र आणू, पण आधी मला सांगा, कोणता वर्ग, कोणत्या वारी, किती वेळ आणि कोणाच्या जबाबदारीवर. ते कागदावर येत नाही तोवर मी एक रुपया मागायला बाहेर पडणार नाही." हा आग्रह मला तेव्हा जाचक वाटला होता. पुढे जे काही साधले ते त्या कागदामुळेच, हे मी मनापासून कबूल करतो. संगणकासाठी माजी विद्यार्थी, गावातील शेतकरी आणि आम्ही शिक्षक यांनी वर्गणी काढली आणि २००० च्या जानेवारीत विंडोज ९८ असलेला एक संगणक शाळेत आला.

यानंतरचा टप्पा टेलिफोनचा, आणि खरे दिवस त्यातच गेले. फोन आहे म्हणजे इंटरनेट मिळेल, असे मी धरून चाललो होतो. तसे नव्हते. त्या काळी आसपासच्या अनेक खेड्यांतला सार्वजनिक फोन रेडिओ यंत्रणेवर चाले. उंच खांबावर अँटेना, खाली बॅटरी आणि सौरपट्टी. त्यावर बोलणे जेमतेम ऐकू येई आणि मोडेमची, म्हणजे संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या उपकरणाची, माहिती वाहून नेणे तर त्या यंत्रणेला शक्यच नव्हते. 'गावोगावी फोन पोहोचला' या आकड्यात आणि 'गावोगावी इंटरनेट पोहोचू शकते' या आशेत जे अंतर होते, ते मला त्या खांबाखाली उभे राहिल्यावर समजले. आमच्या सुदैवाने दोन किलोमीटरवर सी-डॉट या सरकारी संस्थेच्या बनावटीचे लहान ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज होते आणि तेथून तांब्याची केबल गावात आलेली होती. फेब्रुवारीत अर्ज दिला. डिमांड नोट एप्रिलमध्ये आली, पैसे लगेच भरले आणि जोडणी ऑगस्टमध्ये मिळाली. मधल्या काळात मी कार्यालयात नऊ वेळा गेलो. साहित्य आलेले नाही, हेच उत्तर बहुतेक वेळा मिळाले. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मुलाचे एक वर्ष गेले की ते परत येत नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगत होतो. त्या कार्यालयाच्या कामात या गोष्टीला जागा नव्हती, याचे दुःख मला आजही आहे.

लाइन आली, पण मोडेम जोडला की जोडणी दोन मिनिटांत तुटे. फोनवरच्या बोलण्यात जी खरखर आपण सहन करतो, ती मोडेमला सहन होत नाही. लाइनमन भला माणूस होता. त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन डीपीपासून, म्हणजे केबलमधून जोडण्या वेगळ्या होतात त्या पेटीपासून, शाळेपर्यंतची वायर बदलली आणि मग केबलवरचा एक सांधा उघडून मला दाखवला. "गुरुजी, ह्यात पाणी गेलंय बघा. तांबं हिरवं पडलंय." तो सांधा नव्याने बांधल्यावर खरखर गेली. विजेची बाजू आमच्या शिपाईमामांनी सांभाळली. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ भरून ते रोज सकाळी त्यात एक घागर पाणी ओतत. भारनियमनाचे वेळापत्रक दर काही आठवड्यांनी बदले, म्हणून आठवड्यातून एकदा, गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतरची तासिका आम्ही ठरवली. त्या वेळी वीज असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. डिसेंबर २००० च्या पहिल्या गुरुवारी मोडेमचा तो लांबलचक सूर ऐकू आला, थांबला आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन लहान संगणकांचे चित्र उमटले. खोलीत चाळीस मुले होती आणि कोणीही बोलत नव्हते.

मोडेमवर ५६ के असे लिहिलेले असले, तरी आम्हाला त्याच्या निम्म्याहून अधिक वेग क्वचितच मिळाला. एक साधे छायाचित्र उमटायला अर्धे-पाऊण मिनिट लागे. स्थानिक कॉलचे एक युनिट तीन मिनिटांचे, त्याशिवाय इंटरनेट खात्याचे तास वेगळे विकत घ्यायचे. या सर्वांचा हिशेब करून मुख्याध्यापकांनी आठवड्याला वीस मिनिटे मंजूर केली. चाळीस मुलांना वीस मिनिटे. माझ्या १९९८ च्या स्वप्नाच्या तुलनेत हे इतके थोडे होते की पहिल्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आम्ही वीस मिनिटांची तयारी उरलेल्या सहा दिवसांत करू लागलो. वर्गात पत्र्याचा एक डबा ठेवला. ज्याला जे विचारायचे असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे. सोमवारी चिठ्ठ्या उघडायच्या. ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात, नकाशात, कपाटातल्या पुस्तकांत किंवा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे आहे, ते प्रश्न बाजूला काढून त्या त्या ठिकाणी धाडायचे. उरलेल्यांतून तीन निवडायचे. मंगळवारी आणि बुधवारी इंग्रजीच्या बाईंच्या मदतीने त्या प्रश्नांतले शोधायचे शब्द इंग्रजीत ठरवायचे आणि त्यांची स्पेलिंगे फळ्यावर लिहायची. गुरुवारी लाइन जोडली की एक मुलगा घड्याळ पाहणार, एक टंकणार, एक पत्ते वहीत उतरवणार. पान पूर्ण उघडले की लगेच संगणकात जतन करायचे आणि पुढच्या पानाकडे वळायचे. वाचायचे ते लाइन तोडल्यावर, सावकाश, शब्दकोश हाताशी घेऊन. एका गुरुवारची पाने आठवडाभर पुरत. 'मांजरा नदी पूर्वेकडे जाऊन पुन्हा उत्तरेकडे का वळते?' ही चिठ्ठी मला अजून आठवते. तिचे उत्तर इंटरनेटवर आम्हाला मिळाले नाही, पण ते शोधताना मुलांनी समोच्च रेषांचा नकाशा वाचायला शिकून घेतला.

सर्वांत मोठी अडचण मात्र भाषेची होती, आणि तिचा अंदाज मला आधी मुळीच आला नव्हता. शोधलेली जवळजवळ सगळी पाने इंग्रजी असत. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे तेव्हा निघाली होती, पण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. तो आपल्या संगणकात नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन सरमिसळ दिसे. मी लातूरहून फ्लॉपीवर दोन-तीन फॉन्ट आणून बसवले, तेव्हा मथळे दिसू लागले. पण एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीकडे पाठवला की त्याची पुन्हा तीच दशा होई. वर्गातील एका मुलाने मला विचारले होते, "सर, इंटरनेटला मराठी येत नाही का?" प्रश्न अगदी साधा होता. आम्ही ज्या जगात मुलांना नेऊ पाहत होतो, तेथे त्यांची भाषा बोलणारे कोट्यवधी लोक असूनही त्या भाषेला अक्षरे नव्हती. यंत्रे आणि तारा यांच्याइतकाच या गोष्टीचा विचार त्या १०८ शिफारशींच्या काळातच प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. ध्वजवंदन आटोपून घरी गेलेल्या मुलांनी दुपारी टीव्हीवर भुजची दृश्ये पाहिली आणि त्या रात्री आमच्या गावात कितीतरी कुटुंबांनी थंडीतही अंथरुणे अंगणात टाकली. सोमवारी डबा उघडला तेव्हा तो चिठ्ठ्यांनी भरलेला होता आणि एकूण एक चिठ्ठी भूकंपाची होती. 'आपल्याकडचा मोठा होता की त्यांचा?' 'आधी कळत नाही का?' 'आपल्या भूकंपाचे नाव कुठे लिहून ठेवले आहे का?' नववीतील ही मुले १९९३ मध्ये सहा-सात वर्षांची होती. त्यांच्यापैकी काहींनी आई, वडील, भावंडे गमावलेली होती. हा विषय वर्गात घ्यावा की नाही, यावर आम्ही शिक्षक बराच वेळ बोललो. शेवटी चिठ्ठ्या मुलांच्याच आहेत, तेव्हा उत्तर शोधणे आपले कर्तव्य आहे, असे मुख्याध्यापक म्हणाले.

त्या गुरुवारी आम्ही अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर गेलो. कच्छच्या भूकंपाची तीव्रता आपल्याकडच्या बातम्यांत ६.९ आली होती, तेथे ती ७.९ होती आणि पुढे ती ७.७ अशी सुधारण्यात आली. छापलेल्या आकड्यामागे कोणीतरी मोजणारा असतो, मोजण्याची पद्धत असते आणि आकडा बदलूही शकतो, हे मुलांनी प्रथम त्या दिवशी पाहिले. मग आम्ही १९९३ सालच्या मोठ्या भूकंपांची यादी उघडली. ओळी खाली सरकत गेल्या आणि एका ओळीवर टंकणाऱ्या मुलाचा हात थांबला. अक्षांश १८.०७ उत्तर, रेखांश ७६.४५ पूर्व, तीव्रता ६.२. पुढे लातूर आणि उस्मानाबाद ही नावे होती आणि किमान ९,७४८ माणसे दगावल्याची नोंद होती. आपल्या जिल्ह्याचे नाव इतक्या दूरच्या एका यादीत इंग्रजी अक्षरांत लिहिलेले पाहून मुले एकदम पडद्याजवळ सरकली. घड्याळ पाहणारा मुलगा वेळ सांगायचे विसरला आणि त्या दिवशी लाइन अठ्ठावीस मिनिटे चालू राहिली.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्यांनी तारीख चुकीची लिहिलीय की. एकोणतीस लिहिलंय." यादीत खरोखरच २९ सप्टेंबर होते आणि वेळ २२ वाजून २५ मिनिटे ४८ सेकंद अशी होती. आमच्या गावात लहान मुलालाही ठाऊक असते की तो दिवस ३० सप्टेंबर होता आणि वेळ पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांची होती. वर्गात गलका झाला. एवढी मोठी संस्था आणि आमच्या मरणाची तारीखसुद्धा चुकवते, असा राग काही मुलांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

मी उत्तर दिले नाही. लाइन तोडली, पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि ग्रीनिचच्या रेखावृत्तावर बोट ठेवून मुलांना गप्प बसून पाहायला सांगितले. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व या रेखावृत्तावरून धरतात आणि ती ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असते, हा धडा मी चौदा वर्षे शिकवत होतो. मुले तो पाठ करून परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. त्या दिवशी एका मुलाने खडू घेतला आणि फळ्यावर २२ तास २५ मिनिटे ४८ सेकंदांत ५ तास ३० मिनिटे मिळवली. मध्यरात्र ओलांडली, तारीख बदलली आणि बेरीज ३ वाजून ५५ मिनिटे ४८ सेकंद आली. फळ्यासमोर उभा राहून तो ती संख्या पाहतच राहिला. जिने चूक दाखवली होती, ती मुलगी मात्र वेगळाच विचार करीत होती. ती म्हणाली, "माझी आज्जी एकोणतीसच धरती, सर. गणपती बोळवले त्या रातीला झालं म्हणती ती. रात उजाडायच्या आधी तारीख कशी बदलंल?" त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाव उशिरा झोपले होते आणि त्याच रात्री जमीन हलली होती. आजीचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलत होता आणि यादीतला दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्रीला. या दोन्ही हिशेबांत ती रात्र एकोणतीस तारखेचीच होती. माझ्या सबंध नोकरीत दिनमान आणि प्रमाणवेळ यांवर याहून चांगली तासिका मी घेतलेली नाही.

त्या मुलीच्या बोलण्यातून पुढच्या कामाची सुरुवात झाली. यादीत अक्षांश होते, खोली होती, माणसांची संख्या होती, पण आजीची रात्र नव्हती. मुलांनी दोनशे पानी वही केली आणि घरोघरी जाऊन मोठ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. हे लिखाण इंटरनेटवर ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या कोणी 'लातूर' हा शब्द शोधला तर त्याला आकड्यांच्या शेजारी माणसेही भेटतील, असे त्यांनीच ठरवले. आपल्याला माहिती मिळेल, एवढीच माझी १९९८ ची आशा होती. आपल्याजवळची माहिती तिकडे जाईल, हा विचार माझ्या मनात आला नव्हता, तो मुलांना सुचला.

तो लगेच साधला नाही. रोमन अक्षरांत मराठी लिहून पाहिले, तेव्हा आजीचे बोलणे ओळखूच येईना. त्या जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि टेलिफोनच्या तारेतून येऊन मोडेम जाळून गेली. नवा मोडेम घ्यायला चार महिने लागले, आणि त्यानंतर ढग दिसले की टेलिफोनची पिन आधी काढायची हा शाळेचा नियम झाला. २००३ साल आले आणि गेले. आजूबाजूच्या बहुतेक शाळांत तेव्हाही इंटरनेट नव्हते. शिक्षक-खोलीतले कात्रण पिवळे पडले होते, पण मी ते काढले नाही. त्यातले वचन पाळले गेले नसले, तरी मागणी रास्तच होती.

२००४ मध्ये शाळेला विंडोज एक्सपीचा एक संगणक मिळाला. त्याच्यासोबत आलेल्या सीडीवरून भारतीय लिप्यांची सोय वेगळी बसवावी लागे. ती बसवल्यावर युनिकोडमधील, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतप्रणालीतील, देवनागरी लिहिता येऊ लागली आणि ती एखाद्या विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नव्हती. मी दोन महिने रोज संध्याकाळी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकाचा सराव केला. २० सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला, त्या आठवड्यात शाळेत सगळीकडे त्याचीच चर्चा होती आणि मी वहीतील पहिली चार पाने टंकून पूर्ण केली होती. तारीख चुकीची असल्याचे सांगणारी ती मुलगी बारावी होऊन त्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादला विज्ञान शाखेत शिकायला गेली होती. ३० सप्टेंबरला सकाळी मी तिच्या आजीचे पान तिला ईमेलने पाठवले.

तिचे उत्तर संध्याकाळी आले, रोमन अक्षरांत. सायबर कॅफेतल्या संगणकावर सगळी प्रश्नचिन्हे आणि चौकोन दिसत होते. मी परत लिहून कळवले की वरच्या 'व्ह्यू' या यादीत जाऊन 'एन्कोडिंग' निवड आणि तेथे यूटीएफ-८ कर, तरीही नाही दिसले तर एक्सपी असलेल्या दुसऱ्या संगणकावर बस. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि शिपाईमामा पुन्हा लाइन जोडून बसलो. तिचा ईमेल आलेला होता. कळफलक येत नसल्याने तिने पुन्हा रोमनमध्येच लिहिले होते, फक्त दोन ओळी:

"सर, अक्षरं दिसली. आज्जी जशी बोलती तसंच आलंय."